व्यंकटमामांचा गडद निळा

व्यंकटमामा,

विभागात तुमची शोकसभा झाली, तेव्हा सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलले आणि खरं कुणीच बोललं नाही. माझ्यासकट. विभागप्रमुख म्हणाले, आमचा आधारवड कोसळला. ते बोलायला उठण्याआधी त्यांनी तुमचं आडनाव माझ्या कानाशी लागून विचारून घेतलं होतं. मग सगळे दोन मिनिटं उभे राहिलो. दुसऱ्या मिनिटाला कुणाचा तरी फोन वाजला. मी 'मामा फार मेहनती होते' एवढं एक वाक्य बोलले आणि बसले. दुसरं बोलले असते तर तिसरं बोलावं लागलं असतं, आणि ते तिसरं वाक्य असं होतं की मामांच्या बायॉप्सीचा रिपोर्ट मी चुकीचा लिहिला.

ते सांगायलाच बसलेय. परवा तुमची तेरवी झाली. आता सांगून तुमच्या काही उपयोगाचं नाही, हे मला कळतं. पण आपला वाद अर्धा राहिलाय आणि त्यात शेवटचा शब्द माझा होता, हे मला सहन होत नाही.

मी या विभागात पॅथॉलॉजिस्ट म्हणून रुजू झाले तेव्हा तुम्ही इथले टेक्निशियन होऊन जमाना झाला होता. मी हदगावची आहे कळल्यावर तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, मग कापूस वेचल्यासारखं सावकाश बघा मॅडम, घाई करू नका. मला राग आला होता. आठ दिवसांत राग गेला, कारण तुमचे हात बघितले. मूत्रपिंडातून सुईने काढलेला तुकडा म्हणजे शेवयीच्या तुकड्याएवढा. तो मेणात बसवायचा, मेणाची वडी यंत्रावर धरून त्याचे डोळ्याला दिसणार नाहीत इतके पातळ काप काढायचे, काचेवर उचलायचे, मग रंग. मे महिन्यात नांदेडमध्ये मेण नुसत्या हवेने मऊ पडतं. तुम्ही गेटबाहेरच्या रसवंतीवाल्याकडून बर्फ आणून वडीवर ठेवायचात. काप काढताना कुणी शेजारी मोठ्याने श्वास घेतला तरी तुम्ही मान न वळवता हात करून त्याला बाहेर घालवायचात. विभागप्रमुखांनाही एकदा घालवलं होतं. ते मात्र शोकसभेत कुणी सांगितलं नाही.

आणि तुमचा निळा. किडनीच्या स्लाइडला जो तीन रंगांचा लेप देतात, त्यात धड भाग लाल दिसतो आणि जिथे जखम भरून कायमचा व्रण उरलाय तिथे निळा. डॉक्टर आम्हाला एवढंच विचारतात, निळं किती? थोडं असेल तर औषध देऊन उरलेली किडनी वाचवता येते. निम्म्याच्या वर गेलं असेल तर ते जहाल औषध द्यायचं नाही, कारण वाचवायला काही उरलेलं नसतं आणि औषधाने माणूस मात्र खचतो. म्हणजे किती निळं, या एका प्रश्नावर पुढचं सगळं.

तुमचा निळा पुस्तकातल्यापेक्षा गडद असायचा. मी एकदा कारण विचारलं, तर तुम्ही अगदी साधेपणाने सांगितलं, "मोठ्या सरांना मोतीबिंदू व्हता, मॅडम. फिकं दिसायचं न्हाई त्यांना. म्हणून पाच मिनिटं जास्त ठिवायलो." मोठे सर निवृत्त होऊन, डोळ्यांचं ऑपरेशन होऊन, नातवंडं खेळवत बसले होते आणि तुम्ही अजून त्यांच्या मोतीबिंदूसाठी रंग लावत होता. मी विचारलं, मग आता कशाला? तुम्ही म्हणालात, आता हात बसला. मी खूप हसले. तुम्हीही हसलात.

त्यात बिघडत काही नव्हतं, मामा. आम्ही सगळे त्याच निळ्यावर शिकलो. खाऱ्या बोअरवर वाढलेल्या माणसाला पाणी खारं लागत नाही, तसं आमच्या डोळ्यांना तुमचा जास्तीचा निळा आपोआप वजा करायची सवय होती. व्रणाचा निळा दाट, दोरीसारखा. नुसती सूज असेल तिथे निळा विरळ, उडून गेल्यासारखा. व्रण जात नाही, सूज औषधाने उतरते. हा फरक आम्ही बघूनच ओळखायचो, त्यासाठी वेगळा विचार करावा लागत नसे.

मग मशीन आलं. स्लाइड आत ठेवली की ते तिचा फोटो काढतं आणि त्यातला निळा मोजून टक्के सांगतं. मी त्याच्या प्रेमातच पडले, हे कबूल करते. पाच जणांनी बघितलं तर पाच आकडे येतात, याचा मला तेव्हा वीट आला होता. लातूरच्या परिषदेत मी त्यावर बोलले. तुम्हाला आठवत असेल, स्लाइड तुम्ही पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात कापूस घालून आणल्या होत्या आणि लोहा गावापासून पुढे रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला डबा छातीशी धरत होता. मी व्यासपीठावरून म्हणाले की माणसाचा डोळा त्याला हवं ते बघतो. मशीन थकत नाही, त्याला भीड नाही, ते ओळख बघत नाही. टाळ्या पडल्या. तुम्ही शेवटच्या रांगेत बसून वाजवल्या.

परतताना अहमदपूरच्या स्टँडवर चहा घेत होतो. तुम्ही खिशातून एक छोटी वही काढली. मशीनकडे बघण्याआधी मी रजिस्टरच्या समासात पेन्सिलने माझा अंदाज टिपायचे, तो तुम्ही दर वेळी उतरवून घेतला होता आणि शेजारी मशीनचा आकडा लिहिला होता. मशीनचा आकडा प्रत्येक ओळीत जास्त होता. तुम्ही म्हणालात, "एक बोलू का मॅडम? मशीन आपल्या स्लाइडला जास्ती मोजायलंय. सूज हाय तिथं बी माझा निळा बसतो. तुमच्या डोळ्याला ते कळतं. त्याला माझा हात म्हाईत न्हाई ना."

बारावी शिकलेल्या माणसाने चहाच्या टपरीवर उभं राहून मला ते सांगितलं, जे परिषदेतल्या एकाही डॉक्टरने विचारलं नव्हतं. आणि माझ्या कानात अजून टाळ्या होत्या. मी म्हणाले, "मामा, रंग लावायचं काम तुमचं, वाचायचं माझं. ती हद्द सोडू नका."

तुम्ही वही खिशात ठेवली. दोघांचे ग्लास उचलून टपरीवाल्याकडे देऊन आलात. बसमध्ये तुम्ही माझ्या शेजारी बसला नाहीत, डबा घेऊन मागे गेलात. मला तेव्हा ते बरंच वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात तुम्ही न बोलता माझ्या टेबलावर एकाच तुकड्याच्या दोन स्लाइड ठेवल्यात, एक गडद, एक फिकी. फिकी मशीनसाठी, हे मला लगेच समजलं. मी फिकी परत पाठवली. रजिस्टरमध्ये एका नंबरला एकच स्लाइड असते, तपासणीला कुणी आलं तर काय उत्तर द्यायचं, असं काहीतरी सुनीताजवळ निरोप दिला. सुनीता तुमच्या हाताखाली नवीन होती, तिने शब्दन्‌शब्द सांगितला असणार. त्यानंतर तुम्ही आकड्यांचं नाव काढलं नाही.

आता लबाडी ऐका. मी तुमचं ऐकलं नाही असं नाही. मी चोरून ऐकलं. पुढच्या वर्षभरात दोन वेळा मशीनचा आकडा मला पटला नाही, तेव्हा तो खोडून मी माझा लिहिला. एक देगलूरकडची मुलगी होती, एक किनवटचा शिंपी. दोघांनाही औषध मिळालं, दोघंही धड आहेत. तुम्हाला मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुमचं बरोबर होतं असं म्हणावं लागलं असतं, आणि तेवढं माझ्या जिवावर आलं.

मग तुमचे पाय सुजले. चपलेच्या पट्ट्याचा वळ संध्याकाळपर्यंत जात नसे. तुम्ही म्हणायचात, उभं राहून राहून झालंय. मामा, यावर मला तुमच्याशी भांडायचं आहे. जिल्हाभरातल्या किडन्या तुमच्या हाताखालून गेल्या. लघवीला फेस येणं म्हणजे काय हे तुम्हाला कुणी सांगायला नको होतं. तरी तुम्ही चार महिने अंगावर काढलंत, रजा मागायला नको म्हणून. लोक याला निष्ठा म्हणतात. मी याला मूर्खपणा म्हणते. तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं.

बायॉप्सी दुसऱ्या दवाखान्यात झाली, तुकडा आपल्याकडे आला. सुनीता पुढे झाली तर तुम्ही तिला थांबवलंत. "माझं मी करतो," एवढंच म्हणालात. पाय सुजलेले म्हणून पहिल्यांदाच स्टुलावर बसून काप काढलेत. मी दारातून बघत होते. नको म्हणायला हवं होतं, स्वतःच्या तुकड्याला स्वतः हात लावू नये, हे मला कळत होतं. पण तुम्हाला तिथून उठवायची हिंमत माझ्यात नव्हती. तुम्ही एकच स्लाइड केलीत. गडद. माझ्या हुकमाप्रमाणे.

इतकी सुंदर स्लाइड तुम्ही त्याआधी केली नव्हती. एका कोपऱ्यात खरा व्रण होता, दाट, जुना. बाकी सगळीकडे लाल नळ्यांच्या मधून विरळ निळं पसरलं होतं. सूज. माझा डोळा म्हणाला पस्तीस. पेन्सिल हातात होती, समास समोर होता. मशीन म्हणालं बासष्ट.

तिथे मी काय विचार केला ते तुम्हाला सांगते, कारण ते दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. मला वाटलं, हे व्यंकटमामा आहेत. मला पस्तीस हवं आहे, म्हणून पस्तीस दिसतंय. लातूरला मीच सांगितलं होतं की डोळा हवं ते बघतो. मशीन कशासाठी आणलं होतं? ओळख बघू नये म्हणून. मग आपल्या माणसाची वेळ आली की तेवढं बाजूला ठेवायचं का? त्या शिंप्याला मी ओळखत नव्हते, म्हणून त्याच्या बाबतीत मी माझ्या डोळ्यावर बेधडक विसंबले. तुम्ही परके असता तर तुमच्याही बाबतीत विसंबले असते. तुम्ही माझे होता म्हणून मी समास कोरा ठेवला, बासष्ट लिहिलं आणि सही केली. आणि मामा, सही करताना मला स्वतःचा अभिमान वाटला. किती कठोर प्रामाणिक आहोत आपण, असं वाटलं.

किडनीच्या डॉक्टरांनी त्या आकड्यावर जे करायचं तेच केलं. औषधाला अर्थ नाही, डायलिसिसची तयारी करा, म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांनी माझ्या सहीवर विश्वास ठेवला.

रिपोर्ट मीच तुमच्या हातात दिला. तुम्ही आकडा बघितला, मग खालची सही बघितली. सही जास्त वेळ बघितलीत. मी वाट बघत होते की आता तुम्ही म्हणाल, मॅडम, माझ्या निळ्याचं काय? एवढं एक वाक्य म्हणाला असता तर मी त्याच पावली परत फिरून दुसरी स्लाइड करायला लावली असती. तुम्ही "बरं" म्हणालात, कागदाची चौपदरी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि सुनीताला विचारलंत, फॉर्मलिन संपत आलंय का. मला तुमचा इतका राग आला होता. अजूनही येतो. चहात साखर कमी पडली म्हणून कँटीनवाल्याशी पंधरा मिनिटं भांडणारा माणूस स्वतःच्या जिवासाठी एक वाक्य बोलला नाही. मग आठवतं की बोलू नका असं सांगणारी मीच होते.

डायलिसिसचे महिने मी इथे लिहीत नाही. मानेत नळी घालून तुम्ही शनिवारी लॅबमध्ये यायचात आणि सुनीताच्या कापांना नावं ठेवायचात. नळीला संसर्ग झाला, थंडी वाजून ताप आला, आणि तीन दिवसांत संपलं. बाकीचं मामींना माहीत आहे. मला ते विचारायचा हक्क नाही.

शोकसभेनंतर मी वड्यांचं कपाट उघडलं. मेणातला तुकडा वर्षानुवर्षं तसाच राहतो. तुमचा नंबर काढला. यंत्रावर मी शिकत असताना बसले होते, त्यानंतर नाही. रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला. चार काप फाटले, पाचवा सुरकुतला, सहावा बरा आला. सुनीताने विचारलं कुणाची केस, तर जुनी आहे म्हणून सांगितलं. तिने वडीवरचा नंबर वाचला आणि माझ्या शेजारी येऊन काच धरली. रंग पुस्तकातल्या वेळेइतकाच लावला, घड्याळ लावून. मशीन म्हणालं चौतीस. मग दुसरा काप घेतला, तुमची पाच मिनिटं जास्त ठेवली. मशीन म्हणालं एकसष्ट.

म्हणजे मशीन खोटं बोललं नव्हतं. तुम्हीही नव्हता. आपल्या तिघांत खोटं कोण बोललं ते आता मी सांगायची गरज नाही.

विभागप्रमुखांना मी लेखी दिलं की मशीन आल्यापासूनचे सगळे रिपोर्ट पुन्हा बघावे लागतील. ते म्हणाले, वातावरण आधीच शोकाचं आहे, पुढच्या बैठकीत घेऊ. मी म्हणाले, घ्या बैठकीत, मी सुरुवात केली आहे. सुनीता दुपारी थांबते. आम्ही फिक्या स्लाइड करतो आणि जिथे फरक दिसतो तिथे डॉक्टरांना फोन करतो. फोन केल्यावर पलीकडे जी शांतता होते ना मामा, ती ऐकायची मला आता सवय होते आहे. तुमच्या वहीचं मी फोनवर सांगत नाही. सांगितलं तर लोक विचारतील, मग तेव्हा का नाही बघितलं.

परवा तुमच्या गावी आले. कंधारवरून जांबमार्गे, जळकोटच्या अलीकडे फाट्यावर माधव न्यायला उभा होता. तुमचा मुलगा हुबेहूब तुमच्यासारखा चालतो, हे आधी कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. सांगायचं की नाही सांगायचं, हे पूर्ण रस्ताभर ठरलं नव्हतं. न सांगता परत यायचं, याकडे मन झुकलेलं होतं. सांगून मामींचं काय भलं होणार, असं स्वतःला समजावत होते. हे समजावणंही लबाडीचंच.

मामींनी मला आतल्या खोलीत सतरंजीवर बसवलं. पाणी दिलं. मग त्याच बोलायला लागल्या. माधवने तुम्हाला हैदराबादला न्यायचं ठरवलं होतं, रिपोर्ट दुसरीकडे दाखवायला. जीप सांगून ठेवली होती. सकाळी तुम्ही जायला नाही म्हणालात. मला हे माहीत नव्हतं. मी विचारलं, का?

मामी म्हणाल्या, "आमाला म्हनले, मशीन चुकतं, मला लई दिसापासून म्हाईत हाय. पर खाली सही मॅडमची हाय. मॅडम बघितल्याबिगर सही करत न्हाईत. त्यांना बासष्ट दिसलं म्हंजे बासष्टच. आता कुठं बी नेऊ नका."

बाहेर पंगतीची पानं मांडायला घेतली होती. माधव कुणाला तरी पाट आणायला सांगत होता. मी मामींना सांगितलं. सगळं नाही, पण जेवढं महत्त्वाचं तेवढं. म्हणाले, मामी, मला बासष्ट दिसलं नव्हतं. मला पस्तीस दिसलं होतं.

मामींना आकड्यांचा अर्थ कळतो का, अशी एक शंका क्षणभर मला आली. तुमच्यासोबत इतकी वर्षं काढलेल्या बाईबद्दल. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग तुमी पस्तीस का न्हाई लिव्हलं?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी म्हणाले, माझ्या डोळ्यावर माझाच भरवसा राहिला नाही, मामी.

मामी पदर सावरून उठल्या आणि म्हणाल्या, "त्यांचा व्हता."

नंतर त्यांनी मला हाताला धरून पंगतीत बसवलं, आणि तुमच्या नावाचं गोड मी खाल्लं.